गुलबक्षीचे वाण

गेल्या वर्षी महाविद्यालयात आल्यावर पहिल्याच आठवड्यात मराठीच्या तासाला सरांनी एक सोपा प्रश्न विचारला होता. ‘‘तुमचे आवडते फूल कोणते, आणि का?’’ बाकाबाकांवरून उत्तरे येऊ लागली. मोगरा, जाई, गुलाब, प्राजक्त. एकीने तर बकुळीबद्दल असे काही सांगितले की सरांनी मान डोलावली. माझी पाळी आली तेव्हा ओठांवर आलेले नाव मी गिळले आणि म्हणाले, ‘‘निशिगंध.’’

‘का’ याचे उत्तर मात्र मला देता आले नाही. येणार कसे? निशिगंधाचे झाड मी तोवर जवळून पाहिलेलेही नव्हते. लग्नाच्या मांडवात, हारांमध्ये पाहिले असेल तेवढेच.

गिळलेले नाव होते गुलबक्षीचे.

आता कबूल करायला हरकत नाही. त्या क्षणी मला गुलबक्षीची लाज वाटली. बाजारात ती विकायला येत नाही, हारात टिकत नाही, फुलदाणीत शोभत नाही. आणि ती उगवते कुठे? आमच्याकडे तरी न्हाणीच्या सांडपाण्यावर! तिचे नाव घेतले असते तर साऱ्या वर्गाला आमच्या न्हाणीमागचा चिखल दिसेल, असे मला उगाच वाटून गेले. आमच्या घरातून महाविद्यालयात आलेली मी पहिलीच. बाबा सातवीपर्यंत शिकले, आई चौथीपर्यंत. आजीने तर शाळेची पायरीही चढलेली नाही. अशा घरातली मुलगी नव्या जागी आली की कोणते शब्द बाहेर काढायचे आणि कोणते घरीच ठेवायचे, याचा हिशेब तिच्या मनात सारखा चाललेला असतो. गुलबक्षी त्या हिशेबात घरी राहिली.

आमचे गाव देवळी तालुक्यात, काळ्या मातीचे. शिवारात पऱ्हाटी, तूर आणि सोयाबीन. घरामागे पाच-सहा खाटा मावतील एवढे आवार. एका बाजूला न्हाणी, दुसऱ्या बाजूला गोठ्याची भिंत, मध्ये एक गोडलिंब, एक मुंगना आणि उरलेल्या जागेत सगळीकडे गुलबक्षी. हे आवार आजीचे. तसे पाहिले तर सातबाऱ्यावर तिचे नाव नाही, घराच्या कागदावरही नाही. पण आवारात कुदळ कुठे मारायची आणि कुठे नाही, याबाबत तिचा शब्द शेवटचा.

लहानपणी गुलबक्षी आमच्या कामाची होती. भादव्याच्या पुनवेपासून कोजागरीपर्यंत आमच्याकडे भुलाबाई मांडतात. रोज संध्याकाळी मुली घरोघर गाणी म्हणत हिंडतात. त्या वेळेला ताजे उमललेले फूल कोणते, तर गुलबक्षी. लांब नळीची ती फुले एकमेकांत गुंफून सुई-दोऱ्याशिवाय वेणी करता येते. कुणाला गळू झाले तर गुलबक्षीचे पान तव्यावर शेकून बांधायचे. मिऱ्यासारखे काळे, सुरकुतलेले बी फोडले की आत पांढरे पीठ निघते, ते पावडर म्हणून गालाला लावायचे. (पुढे वाचनात आले की जपानात या फुलाला चेहऱ्याच्या पांढऱ्या पावडरीवरूनच नाव पडले आहे. म्हणजे तिथल्या मुलीही आमच्यासारख्याच!) पण हे सगळे खेळ मागे पडले, आणि गुलबक्षी म्हणजे न्हाणीकडे जाताना पायात येणारे झाड एवढीच तिची किंमत राहिली.

‘निशिगंधा’नंतर महिना-दीड महिना गेला असेल. श्रावणातली संध्याकाळ होती. शेवटच्या एस.टी.ने मी घरी आले. पाऊस नुकताच उघडला होता. पाय धुवायला मागे गेले आणि एका झाडापाशी थबकले. फूल पिवळे होते, पण त्यावर किरमिजी शिंतोडे उडालेले. शेजारच्या फांदीवरचे फूल अर्धे पिवळे, अर्धे किरमिजी, आणि मध्ये सुताने आखावी तशी सरळ रेघ. तिसऱ्या फांदीवर सगळीच फुले किरमिजी. दोन झाडे एकमेकांत गुंतली असतील म्हणून मी बोटाने फांदी चाचपत खाली बुंध्यापर्यंत गेले. झाड एकच होते!

मी धावत आजीकडे गेले. ती चुलीजवळ बसली होती. माझे सगळे ऐकून घेऊन ती शांतपणे म्हणाली, ‘‘ते व्हय? ते हळदीकुंकवाची होय.’’

‘‘म्हणजे?’’

‘‘म्हणजे काय? हळदीवर कुंकू सांडल्यावानी दिसते, म्हणून हळदीकुंकवाची. तिच्या बाजूले चिटाची हाय. गोठ्याजवळ काठाची.’’

त्या संध्याकाळी मला कळले की आजीकडे गुलबक्षीच्या सहा जातींना सहा नावे आहेत. गडद किरमिजी ती ‘राणी’. निव्वळ पिवळी ती ‘सोनपिवळी’. बारीक रेघांची, जुन्या छापील चिटाच्या कापडासारखी, ती ‘चिटाची’. एका अंगाला रुंद पट्टा असलेली, लुगड्याच्या काठासारखी, ती ‘काठाची’. पाचवी हळदीकुंकवाची. प्रत्येकीचे बी वेगळ्या चिंधीत, आणि चिंधीला वेगळ्या रंगाचा दोरा. अक्षर येत नाही म्हणून दोऱ्याचा रंग! फडताळातल्या त्या पुरचुंड्या मी लहानपणापासून पाहत होते, पण त्यांत काय आहे हे मी कधी विचारले नव्हते. अठरा वर्षे मी त्या आवारात वावरले, आणि मला सगळ्या मिळून एकच गुलबक्षी दिसत होती.

‘‘आणि सहावी?’’ मी विचारले.

आजी जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, ‘‘दुधी. माह्या मायची. ते गेली. चार वर्सं झाले.’’

दुधी म्हणजे पांढरी. आजीचे माहेर वर्धा नदीच्या पलीकडे, यवतमाळ जिल्ह्यात. लग्नानंतर बैलगाडीने इकडे येताना तिच्या आईने ओटीत तांदूळ-नारळाबरोबर दुधी गुलबक्षीचा गड्डाही घातला होता. गुलबक्षीला जमिनीखाली रताळ्यासारखे मूळ असते. वरचे झाड उन्हाळ्यात वाळून गेले तरी मूळ जिवंत राहते आणि मृगाच्या पावसाने पुन्हा फुटते. माहेरची अशी एकच वस्तू आजीजवळ उरली होती, आणि तीही गेली होती.

याच दिवसांत दादाचे लग्न ठरत होते. घरात खोल्या दोनच. नवी खोली काढायची तर आवाराशिवाय जागा नाही. बाबा आजीला विचारायला कचरत होते, पण आजीनेच सांगून टाकले, ‘‘खोदा. दुधी गेली, आता कायचं आवार न काय.’’ गोष्ट तिथेच मिटली.

आणि चारच दिवसांनी मला मुंगन्याच्या मागे पांढरी गुलबक्षी दिसली.

एक नव्हे, दोन झाडे. पांढरी शुभ्र. मी आजीला हाताला धरून तिथे नेले. ती वाकली, फूल हातात घेऊन डोळ्यांपाशी नेले आणि म्हणाली, ‘‘पिवळी होय न, बाई.’’

‘‘आजी, पांढरी आहे. नीट पाय.’’

‘‘मले शिकवते का? सोनपिवळी होय ते, जरा फिक्की पडली.’’ आणि ती रागावून निघून गेली. मी आईला साक्षीला बोलावले, तर आई चुलीवरच्या भाकरीच्या नादात. ‘‘पांढरी असो का पिवळी, मले भाकर पाहू दे.’’ मला वाटले, म्हातारपणी माणूस हट्टी होते ते असे. आजच्या माझ्या पश्चात्तापातला मोठा वाटा या विचाराचा आहे.

आता पुस्तकाची गोष्ट. आमच्या शेजारचा मुलगा बारावीला विज्ञान शाखेत होता. मलाही दहावीनंतर विज्ञानाला जायचे होते. पण प्रात्यक्षिकांसाठी संध्याकाळपर्यंत थांबावे लागते, शेवटची बस लवकर सुटते, वसतिगृहाचा खर्च झेपणारा नाही, अशी गणिते घरात मांडली गेली आणि उत्तर ‘कला शाखा’ असे आले. त्याबद्दल माझी तक्रार नाही. मात्र शेजारी गेले की त्याची पुस्तके चाळायची सवय लागली होती. जीवशास्त्राच्या पुस्तकात आनुवंशिकतेच्या प्रकरणात एक लाल फूल, एक पांढरे फूल आणि खाली गुलाबी फुले असा तक्ता होता. नाव लिहिले होते, ‘मिराबिलिस जलापा’. मी त्याला विचारले, ‘‘हे कोणते झाड रे?’’ तो म्हणाला, ‘‘फोर ओ’क्लॉक प्लांट. परीक्षेत येते. एकास दोनास एक.’’ मी म्हटले, ‘‘पण म्हणजे कोणते?’’ ते त्याला ठाऊक नव्हते. चित्रातले पान, नळी, बी पाहिले आणि मला हसूच फुटले. ते झाड त्याच्याही घरामागे उभे होते!

आमच्या न्हाणीजवळची गुलबक्षी बारावीच्या पुस्तकात आहे, या एका गोष्टीने मला किती बळ आले ते सांगता येत नाही. पुस्तक इंग्रजी. शब्दकोश घेऊन एकेक ओळ लावत बसले. पुढे आपल्या ग्रंथालयातून आणि ओळखीच्या एका वनस्पतिशास्त्राच्या सरांकडून आणखी कळत गेले.

गुलबक्षी मूळची आपली नव्हे, अमेरिका खंडातली. लॅटिनमध्ये ‘मिराबिलिस’ म्हणजे अद्भुत, आणि जलापा हे मेक्सिकोतल्या एका गावाचे नाव. लिनिअसने १७५३ साली तिला हे नाव दिले. तिचे रंगीत फूल म्हणजे खरे पाहता पाकळ्याच नव्हेत. ती रंगलेली संदले आहेत, आणि खाली जो हिरवा पेला दिसतो ती छदे. भिंतीवर चढणारी बोगनवेल आणि आपल्या रस्त्याच्या कडेला उगवणारी घेटुळी, म्हणजे वैद्यांची पुनर्नवा, या दोघी तिच्याच कुळातल्या. तिचा किरमिजी रंग जास्वंदीच्या रंगाच्या जातीचा नव्हे, तो बीटच्या रंगाचा सोयरा आहे. फूल दुपार कलल्यावर उमलते, कारण त्याचे पाहुणे म्हणजे संध्याकाळी फिरणारे लांब सोंडेचे पतंग. पाहुणा आलाच नाही तर सकाळी फूल मिटताना केसर वळतात, परागकण आपल्याच कुक्षीला लागतात आणि बी धरते. एका फुलाला एकच बी.

आणि ते शिंतोडे? पेशीतल्या आनुवंशिक द्रव्याचे काही तुकडे एका जागेवरून दुसरीकडे उडी घेतात. रंग ठरवणाऱ्या जागी असा तुकडा बसला की रंग बंद, उठला की रंग सुरू. फूल वाढत असताना हे लवकर घडले तर रुंद पट्टा उमटतो, उशिरा घडले तर बारीक ठिपका. असे तुकडे असतात हे बार्बरा मॅक्लिंटॉक या बाईंनी मक्याच्या दाण्यांवरून १९४०च्या दशकात ओळखले. लोकांना ते पटायला फार वर्षे लागली. १९८३ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आजीच्या ‘काठाची’ आणि ‘हळदीकुंकवाची’ यांच्यातला फरक उडी लवकर की उशिरा एवढाच असावा, असे त्या सरांनी मला समजावून सांगितले.

तक्त्यातला प्रयोग आपणही करून पाहावा असे मनाने घेतले. भाद्रपदातल्या सुट्टीत दुपारी दोनच्या सुमारास मी आवारात जाऊन बसे. संध्याकाळी उमलणारी राणीची कळी निवडायची, तिची नळी ब्लेडने हलकेच उभी चिरायची, आतले पाचही केसर काढून टाकायचे आणि कळीवर मलमलीची चिंधी बांधायची. पाचनंतर दुधी उमलली की तिचे परागकण आणून राणीच्या कुक्षीला लावायचे. गुलबक्षीचे परागकण बरेच मोठे असतात. मेंडेलने म्हणे एकेकच कण लावून बी धरते का ते याच फुलावर पाहिले होते. मी मात्र सढळ हाताने लावले.

आजी ओट्यावरून पाहत होती. ‘‘काय करून रायली वं?’’

‘‘राणीला दुधीचा पराग लावून पाहते.’’

‘‘फुलायचं लगन लावून रायली? आधी दादाचं तं होऊ दे!’’ ती हसली. मग हळूच म्हणाली, ‘‘न ते दुधी नोहे.’’

वीस फुलांपैकी अकरांना बी धरले. ते मी नव्या पुरचुंडीत बांधले. आजीने दोरा दिला, हिरव्या रंगाचा.

इंग्रजीच्या सरांना मी आजीच्या नावांबद्दल सांगितले, तेव्हा त्यांनी स्नोड्रॉपची गोष्ट सांगितली. थंड देशांत ऐन हिवाळा सरता सरता उमलणारे बोटभर उंचीचे हे पांढरे फूल. आतल्या पाकळ्यांवर एखादा हिरवा ठिपका, एवढाच त्याचा साज. पण इंग्लंडमध्ये त्याच्या वेडाने झपाटलेले लोक आहेत. ओल्या गवतात गुडघे टेकून, खाली झुकलेले फूल बोटाने वर करून ते ठिपक्याचा आकार पाहतात. हिरव्याऐवजी पिवळा ठिपका दिसला तर आनंदाला पार नाही. अशा फरकांवरून शेकडो जातींना नावे दिलेली आहेत, आणि दुर्मिळ गड्ड्याला शेकडो पौंड मोजतात. त्यांतल्या कितीतरी जाती साध्या घरांच्या नि चर्चच्या आवारात कुणाच्या तरी नजरेस पडल्या. मी ऐकत होते आणि मला फडताळातल्या पुरचुंड्या दिसत होत्या. म्हणजे आजी करत होती ते खूळ नव्हते तर! त्याला जगात नाव होते.

कार्तिकात आजीच्या हातून तांदळातले खडे सुटू लागले. एकदा चहा कपाबाहेर ओतला गेला. तेव्हा कुठे आमच्या घराला जाग आली. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात नेले, तर दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. एका डोळ्याची शस्त्रक्रिया आधी झाली. मोतीबिंदूत डोळ्यातले भिंग नुसते धूसर होत नाही, ते पिवळट-तपकिरी पडत जाते, आणि माणसाला सगळे जग पिवळ्या काचेतून पाहिल्यासारखे दिसते. हे इतके हळूहळू होते की त्याचे त्याला कळत नाही.

पट्टी निघाल्यावर काही दिवसांनी संध्याकाळी आजी एकटीच आवारात गेली. थंडी पडली होती, पण सांडपाण्याजवळ थोडी फुले अजून होती. बराच वेळ ती आली नाही म्हणून मी पाहायला गेले. मुंगन्यामागे ती फूल हातात धरून उभी होती. एक डोळा तळहाताने झाकून पाहत होती, मग तो उघडून दुसरा झाकत होती.

‘‘अवो माय,’’ ती म्हणाली, ‘‘या डोळ्यानं दुधी, न या डोळ्यानं पिवळी.’’

मी काही बोलले नाही. तीही पुष्कळ वेळ बोलली नाही. मग म्हणाली, ‘‘चार वर्सं माह्या पायापाशी उभी होती. मी तिले पिवळी म्हणून रायली.’’

वाचकहो, मला त्या वेळी माझे निशिगंध आठवले. तिच्या डोळ्यावर तरी पडदा होता. माझ्या डोळ्यांवर कोणता होता?

आता आवार वाचवावे असे कुणालाही वाटेल. पण लग्न वैशाखात ठरले होते आणि खोली लागणारच होती. आजीनेही शब्द मागे घेतला नाही. ‘‘पोरगी घरात येईन, तिले निजाले जागा पाहिजे. झाड का, कुठंबी लागते.’’ संक्रांतीला तिने आईला सांगितले, ‘‘यंदा वाण म्हून बीच दे.’’ आम्ही दोघींनी पुड्या बांधल्या. हळदीकुंकवाच्या दिवशी बायका जमल्या तेव्हा आजी रिवाजाप्रमाणे मागच्या दारी जाऊन बसली. आजोबा गेल्यापासून ती अशीच बसते. आई पुड्यांचे सूप घेऊन मागे गेली आणि म्हणाली, ‘‘मामीजी, कोणती कोणाची ते तुमालेच ठाव. तुमीच द्या.’’ आजी नको नको म्हणत होती, पण आईने सूप तिच्या हातात ठेवले. दोघी-तिघींनी एकमेकींकडे पाहिले, हे मी पाहिले. पण पुडी सगळ्यांनी घेतली. आपल्या भाषेत वाण म्हणजे रंग, वाण म्हणजे जात, आणि संक्रांतीला द्यायचे तेही वाणच. तिन्ही अर्थ एका सुपात त्या दिवशी पाहिले.

माघात आजीने आणि मी मिळून गड्डे खणले. दुधीचे दोन्ही गड्डे माझ्या मनगटापेक्षा जाड निघाले. कोरड्या मातीत घालून टोपल्यात ठेवले. फाल्गुनात पाया खणला गेला. वैशाखात वहिनी घरात आली. नव्या खोलीच्या भिंतीला लागून दोन हात रुंदीची पट्टी उरली होती, तिथे मृगात गड्डे लावले. माझ्या अकरा बियांपैकी सात उगवल्या. त्या रंगाच्या रिकाम्या बादल्यांत लावल्या.

यंदाच्या भाद्रपदात त्या फुलल्या. सातांपैकी सहा फिक्या गुलाबी, राणीसारख्या नाहीत, दुधीसारख्या नाहीत. अगदी तक्त्यात होत्या तशा! सातवी निव्वळ राणी निघाली. एखाद्या कळीचा केसर काढायला माझा हात उशिरा पोचला असणार. पुस्तकात अशा सातव्या झाडाचे चित्र नसते.

बाबा बैलांना पाणी पाजून आले तेव्हा मी बादल्यांपाशी मोजत बसले होते. त्यांनी सहज विचारले. मी सांगितले की हे संकरित झाड, याचे बी पेरले तर पुढच्या वर्षी सगळी गुलाबी येणार नाहीत, चारांत साधारण एक राणी, दोन गुलाबी, एक दुधी अशी फुटतील. बाबा खाली बसले.

‘‘म्हणजे आपल्या कपाशीचंबी असंच व्हय का?’’

तसेच होते. जगातला पहिला व्यापारी संकरित कापूस १९७० साली आपल्या शेजारच्या गुजरातेत, सुरतला, डॉ. सी. टी. पटेल यांनी तयार केला. त्याचे बियाणे करायला बाया कळीतले केसर हातांनी काढतात, मी गुलबक्षीचे काढले तसेच. २००२ साली बीटी कापसाला परवानगी मिळाली, आणि आपल्याकडे तोही संकरित वाणांतच आला. आलेल्या पिकाची सरकी ठेवून पेरली तर झाडे एकसारखी येत नाहीत, म्हणून दर मृगाला नवी पाकिटे. बाबांनी ती पाकिटे वर्षानुवर्षे उधारीवर आणली आहेत. ‘‘आमी समजो का कंपनीवाले बियाले काही लावून देते,’’ ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, ‘‘हे तुह्या कॉलेजात शिकवते?’’

मी म्हटले, ‘‘नाही बाबा. हे आजीच्या आवारात शिकवते.’’ ते हसले. पण माझ्या शिक्षणातले काही त्यांच्या वावरापर्यंत पोचले, असा तो पहिला दिवस.

गुलबक्षीने विज्ञानाला आणखी एक गोष्ट शिकवली आहे. तिच्या काही झाडांची पाने हिरवी-पांढरी, चितकबरी असतात. मेंडेलचे नियम १९०० साली पुन्हा उजेडात आणणाऱ्यांपैकी एक, जर्मनीचे कार्ल कोरेन्स, यांनी १९०९ साली दाखवून दिले की रोपाच्या पानाचा हा रंग ज्या फांदीवर बी धरले त्या फांदीवरून ठरतो, पराग कुठलाही असो. म्हणजे काही वारसा फक्त आईकडूनच येतो. आजीला हे सांगितले तर तिला त्यात नवल वाटले नाही. ‘‘मंग? ओटीत गड्डा मायनंच घातला होता न.’’

नव्या गुलाबी फुलाला नाव काय द्यायचे, हा प्रश्न उरला होता. आजीचा दुसरा डोळाही आता झाला आहे. तिने फूल दोन्ही डोळ्यांनी पाहिले, उलटून पाहिले आणि सांगितले, ‘‘हे कॉलेजची.’’

तेव्हा आमच्याकडे सध्या सात वाण आहेत. ‘कॉलेजची’चे चाळीस बी हिरव्या दोऱ्याच्या पुरचुंडीत बांधून ठेवले आहेत. पुढच्या मृगात पेरीन, तेव्हा मी तृतीय वर्षाला असेन. किती राणी, किती गुलाबी, किती दुधी येतात ते तेव्हा मोजू. कुणाला बी हवे असेल तर ग्रंथालयात मी दुपारी असते.

आणि सर, गेल्या वर्षी मी तुम्हांला खोटे सांगितले होते. माझे आवडते फूल गुलबक्षी आहे. ‘का’ याचे उत्तर जरा लांबले, त्याबद्दल क्षमा असावी.